अध्यक्षीणबाईंचं पांढरं फडकं

मागच्या सीटवर मोठं पातेलं बसवायचं की आईला, असा प्रश्न शनिवारी सकाळी एबोपुढे उभा राहिला. दोघं एका वेळी मावत नव्हती. डिकीत आधीच कोळशाची शेगडी, कोळशाचं पोतं, तळलेल्या माशांचा डबा, पाण्याचे कॅन आणि झाकणाचं एक निळं पिंप कोंबलेलं होतं. पिंपात असाना होती. मक्याला मोड आणून, तो आंबवून, करपवलेल्या साखरेत उकळून केलेलं हे पेय एबोला लहानपणापासून आवडतं, म्हणून आईने ते आल्या आल्या लावलं होतं आणि स्वयंपाकघरात हीटरशेजारी लेकरासारखं जपलं होतं.

"आई, अगं आपण एका दिवसासाठी चाललोय. बर्फ बघायचा, फोटो काढायचा, संध्याकाळी घरी. वर हॉटेल आहे."

"परक्या मुलखात परक्याच्या हातचं खायचं? आणि वाटेत कुणी भेटलं तर त्याच्या पुढ्यात काय ठेवणार? हवा?"

"डोंगरात कोण भेटणारे?"

"माणसं सगळीकडे भेटतात," आई म्हणाली आणि आत शिरून पातेल्याला कमरेने सरकवू लागली. शेवटी पातेलं बसलं, आई त्याला टेकून बसली आणि एक पट्टा दोघांना मिळून लावला. एबोची बायको एफुआ पुढे पायांशी पेल्यांची टोपली घेऊन बसली होती. तिने लग्न झाल्यापासून सासूशी स्वयंपाकाच्या बाबतीत वाद घातला नव्हता आणि ते तिच्या पथ्यावरच पडलं होतं.

एबो घानातल्या विन्नेबा गावचा. लेसोथोत, मासेरू शहरातल्या एका दुकानात तो लोकांचे डोळे तपासून त्यांना चष्मे देतो. त्याची आई, अराबाबाई, लेकाचा संसार बघायला आली होती आणि उद्या दुपारच्या विमानाने परत जाणार होती. सगळं मनासारखं झालं होतं. फक्त बर्फ राहिला होता, आणि बर्फाशिवाय परत जाणं म्हणजे विन्नेबात तोंड दाखवायची सोय नव्हती.

त्याचं कारण बायडूबाई. अराबाबाई त्यांच्या चर्चमधल्या महिला दारूबंदी संघाच्या अध्यक्षा. बायडूबाई उपाध्यक्षा. बायडूबाईंची मुलगी लंडनला असते. तिथे जाऊन आल्यापासून बायडूबाईंनी संघाची एकही बैठक बर्फाशिवाय पार पडू दिली नव्हती. दारूचे दुष्परिणाम असा विषय निघाला तरी त्या "मी बर्फ हातात धरला होता ना, तेव्हा" अशी सुरुवात करत. अराबाबाईंनी एकदा वैतागून सांगितलं, की माझा मुलगा राहतो तिथेही बर्फ पडतो. त्यावर बायडूबाई खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. "आफ्रिकेत बर्फ? अगं अराबा, तुझ्या लेकानं फ्रीज उघडला असेल!" सगळा संघ हसला. ते हसू अराबाबाईंच्या कानात अजून होतं. त्या पैजेवर आल्या होत्या. डोक्याला संघाचं पांढरंशुभ्र फडकं, त्यावर निळ्या दोऱ्याने भरलेलं संघाचं नाव, आणि हातात बर्फ, असा फोटो घेऊनच त्या परत जाणार होत्या.

गेल्या आठवड्यात डोंगरावर बर्फ पडला, पण त्या दिवसांत एबोला रजा मिळाली नाही. राहिला होता हा एक शनिवार.

शहर संपलं, शेतं संपली आणि चढ लागला. दगडी गोल घरांची गावं दिसू लागली. मधूनमधून एखाद्या घरासमोर उंच काठीला पांढरं फडकं बांधलेलं दिसे. ते दिसलं की अराबाबाई हात जोडत.

"केवढा भाविक देश आहे रे हा! दर गावात प्रार्थनाघर."

विन्नेबात प्रार्थनाघरांवर असंच पांढरं लावतात. एबोनेही इथे आल्या आल्या हाच अर्थ लावला होता, आईला तोच सांगितला होता आणि पुन्हा कधी कुणाला विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. दुसऱ्यांच्या डोळ्यांत दिवसभर बघणाऱ्या माणसाचं असं होतं.

"पण तिथं सगळे पुरुषच असतात," एफुआ खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पुरुष एवढे देवभोळे मी पहिल्यांदाच बघतेय."

"तुमच्याकडचे नसतील," अराबाबाई म्हणाल्या.

पुढे जी खिंड लागते तिचं नावच 'देवा, मला वाचव' असं आहे. एबोने हे सांगितल्यावर अराबाबाईंना फार आनंद झाला. त्या म्हणाल्या, "बघ, रस्त्यांनासुद्धा प्रार्थना शिकवलीय." गाडीने मात्र ते नाव मनावर घेतलं. अर्ध्या चढावर ती धापा टाकू लागली, मग तिच्या नाकातून पांढरी वाफ निघाली आणि मग ती एका वळणावर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, अडलेल्या बैलासारखी उभी राहिली.

एबोने बॉनेट उघडलं, तोंडावर वाफ घेतली आणि बंद केलं. थोड्या वेळाने परत उघडलं. दोन्ही वेळा त्याला तितकंच कळलं. पाण्याचे कॅन त्याने रिकामे केले. ते पाणी उकळून परत बाहेर उसळलं, रस्त्यावर आलं आणि उताराने निघून गेलं.

"ओझं फार झालं," तो म्हणाला.

"मला उतरवायचं असेल तर सरळ सांग," अराबाबाई म्हणाल्या.

फोनला रेंज नव्हती. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. वर, खिंडीच्या टोकाला, डोंगराच्या खांद्यावर पांढरी रेघ दिसत होती. अराबाबाई गाडीतून उतरल्या, दोन स्वेटर आणि लेकाचा कोट सावरून त्या रेघेकडे बघत राहिल्या. एवढ्या जवळ आणि एवढं लांब! एबोला आईकडे बघवेना.

मग त्यांनीच डोक्यावरचं फडकं सोडलं.

"हे घे. उंच बांध."

"अगं फोटोसाठी..."

"फोटो काढायला वर जायला तर हवं! हे भाविक लोक आहेत. पांढरं दिसलं की समजतील, देवाची माणसं अडकलीत. धावत येतील."

एबोने कुंपणाचा एक मोडका वासा उचलला, त्याला फडकं बांधलं आणि वासा दगडांत रोवला. वारा चांगला होता. फडकं असं फडकू लागलं, की दरीपलीकडूनही दिसावं. अराबाबाईंनी डोक्यात लेकाची लोकरी टोपी घातली, शेगडी पेटवली आणि पातेलं गरम करायला ठेवलं. "मदतीला येतील ते उपाशी येतील," असं त्यांचं म्हणणं.

आणि खरंच, माणसं आली. पहिला आला घोड्यावरून एक म्हातारा, अंगाभोवती जाड घोंगडं लपेटलेला. तो उतरला, फडक्याकडे बघून मान डोलावली आणि टोपी काढून सगळ्यांची विचारपूस केली. त्याचं नाव न्ताते रामाइली. इथे पुरुषाला न्ताते आणि बाईला म्मे म्हटल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

"नवीन दिसताय, म्मे."

"हो बाबा, नवीन. आणि हे असं होऊन बसलंय," अराबाबाईंनी गाडीकडे हात केला.

"जागा चांगली निवडलीत."

"आम्ही कुठली निवडतोय," एबो म्हणाला, "गाडीनं निवडली. तुम्हाला गाडीतलं काही कळतं का?"

"कळणाऱ्याला बोलावू. आधी बसू तर खरं," असं म्हणून न्ताते एका दगडावर बसला आणि घोंगड्याच्या आतून त्याने पत्र्याचा मग काढून गुडघ्यावर ठेवला. घाई कसली ती नाही. पांढरं लावलंय तिथे बसून वाट बघायची, विचारायचं नाही, ही इथली रीत तो जन्मापासून पाळत आला होता.

मग वरच्या वाडीतले दोघे आले. मग खालून तिघे. सगळ्यांच्या अंगावर घोंगडी आणि सगळ्यांकडे मग. एबो प्रत्येकाला गाडी दाखवत होता आणि प्रत्येक जण "वाईट झालं, चढच तसा आहे" असं म्हणून दगड बघून बसत होता. एक प्रवासी मिनीबस वर निघाली होती. ड्रायव्हरने फडकं बघितलं, हॉर्न वाजवला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "येताना थांबतो!"

"बघितलंस?" अराबाबाई सुनेला म्हणाल्या. "आमच्याकडे थांबलं असतं का कुणी?"

"थांबला कुठं?"

"येताना थांबतोय ना."

एवढी माणसं अशी हाताची घडी घालून, गंभीर चेहऱ्यांनी आपल्याकडे बघत बसलेली पाहून अराबाबाईंमधली अध्यक्षा जागी झाली. ही माणसं देवाच्या नावावर आली आहेत. त्यांना नुसतं बसवून ठेवणं बरं दिसत नाही. त्या उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि आपल्या चर्चमधलं एक स्तोत्र त्यांनी उंच पट्टीत सुरू केलं.

पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. न्ताते रामाइली उठला, तेव्हा बाकीचेही उठले. टोप्या निघाल्या. चाल ओळखीची निघाली. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी आपल्या भाषेतले शब्द त्या चालीवर बसवले आणि खालच्या सुरात असं काही गायले, की दरीतून आवाज परत येऊ लागला. अराबाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या संघात बायडूबाईंचा सूर कायम वर जात असे.

शेवटचं कडवं संपलं, सगळे खाली बसले आणि मग सगळ्यांच्या नजरा निळ्या पिंपाकडे वळल्या.

"घसा सुकला असेल बिचाऱ्यांचा," अराबाबाई म्हणाल्या. "एफुआ, असाना काढ गं."

सगळ्यांचे मग भरले गेले. ताटल्यांतून लाल तिखट जोलोफ भात आणि तळलेले मासे फिरले. माणसं खात होती, पीत होती आणि रिकामा मग खाली ठेवताना अराबाबाईंच्या शेजारच्या ताटलीत न बोलता नाणी टाकत होती. अराबाबाई गहिवरल्या. "न मागता दान देतायत! आमच्याकडे ताटली तीनदा फिरवावी लागते."

न्ताते रामाइलीने पहिला मग संपवला, ओठ पुसले आणि थोडा वेळ स्वतःच्या आत काय चाललंय ते ऐकत बसला.

"गोड आहे," तो शेजाऱ्याला म्हणाला.

"गोड आहे."

"काही होतंय का तुला?"

"अजून नाही. परदेशी आहे, वाट शोधत असेल."

दोघांनी तिला वाट सापडायला मदत म्हणून आणखी एकेक मग घेतला. तेवढ्यात मिनीबस परत आली. ड्रायव्हर शब्दाचा पक्का. तो थांबला आणि आतून सगळे प्रवासी उतरले. ड्रायव्हरने स्वतः फक्त भात घेतला, कारण त्याला पुढे उतार उतरायचा होता. एबो त्याचा हात धरून त्याला बॉनेटपर्यंत घेऊन गेला. त्याने आत डोकावून सांगितलं, "गाडी ठीक आहे. थकलीय. थंड होऊ दे, पाणी घाल आणि एवढं सामान घेऊन परत चढायला लावू नको."

"पाणीच संपलंय."

"पाणी मापुलेंगकडे मिळेल," ड्रायव्हर म्हणाला आणि मग चाचरत खालच्या वळणाकडे बघून पुढे म्हणाला, "मिळेल म्हणजे... ती बघ, आलीच."

खालून एक बाई चढून येत होती. धिप्पाड, अंगावर घोंगडं मोठ्या पिनेने अडकवलेलं, हातात ढवळायचा लाकडी दांडा. ती जवळ आली तसे बसलेले पुरुष आपापले मग घोंगड्यांत लपवू लागले. न्ताते रामाइली आपल्या घोड्याचं खोगीर तपासायला गेला.

"कोण आहे इथली मालकीण?"

"मी, मी. या, बसा," अराबाबाई पुढे झाल्या. "भात संपत आलाय, पण तळाची खरवड आहे. खरवड आवडते ना?"

"खरवड राहू दे, म्मे! कुणाला विचारून लावलंत इथं? गावच्या मुखियाला विचारलंत? माझं घर ह्या वळणाखाली आहे. आईच्या काळापासून आमचं पांढरं लागतंय. आज सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही. म्हटलं, सगळे मेले का काय, म्हणून बघायला आले, तर हे सगळे इथं तंगड्या पसरून!"

अराबाबाई लेकाकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघ, इथंही प्रार्थनाघरांची भांडणं आहेत." मग त्यांनी मापुलेंगच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, देवाच्या दारात कसली आलीय चढाओढ? जो तो त्याच्या हाकेला येतो."

"देव?" मापुलेंग चक्रावली. "देवाचा काय संबंध? मी दारू विकते."

अराबाबाईंचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला.

"काय विकता?"

"दारू. जोंधळ्याची. घरात दारू तयार झाली की बाहेर पांढरं फडकं लावायचं. शेंबड्या पोराला माहीत आहे हे." तिने दांड्याने वर दाखवलं. तिथे महिला दारूबंदी संघाचं नाव निळ्या दोऱ्यात झोकात फडफडत होतं.

एफुआने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. ती खाली बसून हसू लागली. "तरीच! तरीच म्हटलं पुरुष एवढे देवभोळे कसे!"

अराबाबाई एबोकडे बघत होत्या. एबो गाडीकडे बघत होता. "मला वाटलं होतं..." तो म्हणाला आणि बॉनेट परत उघडायला वळला.

"आणि तुम्ही?" अराबाबाई न्ताते रामाइलीवर उलटल्या. "दारू प्यायला आला होतात, मग स्तोत्र का म्हटलंत माझ्याबरोबर?"

"म्मे," तो खोगीरामागून अदबीने म्हणाला, "तुमची दारू, तुमचा नियम. म्हटलं, हिच्याकडे आधी गावं लागत असेल. चाल ओळखीची होती, काही जड गेलं नाही."

"ही दारू नाही! ही असाना आहे! आमच्याकडे लेकरं पितात!"

मापुलेंगने पिंपाचं झाकण उघडलं, आत वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि मग एक मग भरून सावकाश प्यायली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कमी होत गेला आणि त्या जागी कारागिराला दुसऱ्या कारागिराबद्दल वाटते तशी काहीतरी उत्सुकता आली.

"मोड आणलेला मका?"

"हो."

"कुठं ठेवली होती?"

"हीटरशेजारी. थंडी फार होती, म्हटलं बरी राहील."

"छान राहिली," मापुलेंग म्हणाली. "मग गाडीत हिंदकळली. म्मे, हे तुमच्या गावची लेकरं पीत असतील तर ती रात्री लवकर झोपत असतील. गोडव्याखाली लपून बसलीय, पण चांगली जागी आहे. अजून थोडी ठेवली असती तर माझा धंदा बसला असता."

हे ऐकून न्ताते रामाइलीने "मी म्हटलं होतं, वाट शोधतेय" असं पुटपुटून आपला मग परत बाहेर काढला. एबोला एकाएकी आठवलं, की आल्यापासून आई रोज रात्री प्रार्थनेआधी गुडघ्यांसाठी म्हणून मोठा पेला भरून असाना घेत होती आणि इथली हवा किती मानवली, किती गाढ झोप लागते, हे सकाळी कौतुकाने सांगत होती. आईलाही तेच आठवलं असावं. दोघांची नजर एकदा भेटली आणि दोघांनीही ती लगेच वळवली.

अराबाबाई दगडावर बसल्या. त्यांना खरोखर रडू आलं.

"आयुष्यभर दारूबंदी केली रे मी. आणि इथं येऊन गुत्ता काढला. वर स्तोत्रं म्हणून घेतली. आणि ज्याच्यासाठी आले तो बर्फ तसाच वर राहिला. आता बायडू मला मरेपर्यंत सोडत नाही."

"आई, अजून बघू, गाडी थंड झाली की..." एबो म्हणाला. पण ऊन कलायला लागलं होतं, आणि गाडी चढायची नाही हे त्यालाही कळत होतं.

"कोण बायडू?" मापुलेंगने विचारलं.

अराबाबाईंनी नाक पुसत सगळं सांगितलं. लंडन, बर्फ, फ्रीज. मापुलेंग दांड्यावर रेलून ऐकत होती. फ्रीजचं ऐकल्यावर तिने मान हलवली.

"माझी नणंद आहे जोहान्सबर्गला. दर नाताळला येते आणि सरकत्या जिन्याचं सांगते. 'वहिनी, तू चढलीस तर पडशील.' दर नाताळला!"

"दर नाताळला?"

"तोच जिना." मापुलेंगने अराबाबाईंना हाताला धरून उठवलं. "बर्फासाठी वर कशाला जाता? वर आता चिखल झाला असेल. माझ्या घरामागं कड्याच्या सावलीत आठवडाभर पडलाय. ऊन पोचतच नाही तिथं. मी तर कंटाळलेय त्याला. किती हवा तेवढा घ्या."

अराबाबाईंना उतार झेपेना, म्हणून न्ताते रामाइलीने आपला घोडा दिला. समुद्राकाठी जन्म काढलेली ही बाई होडीत उभी राहून वल्हं मारेल, पण घोड्यावर ती डोळे मिटून, दोन्ही हातांनी घोड्याची मान आवळून बसली. कुणीतरी स्वतःचं घोंगडं काढून तिच्या खांद्यावर घातलं. वासा उपटून, फडक्यासकट, मिनीबसच्या ड्रायव्हरने खांद्यावर घेतला, कारण इथे पांढरं फडकत ठेवलं तर आणखी गिऱ्हाइकं येत राहतील असं त्याचं म्हणणं. असा तो सगळा लवाजमा, मागून पिंप उचललेले दोघे, मापुलेंगच्या घरी पोचला. तिच्या दारातल्या काठीवर तिचं स्वतःचं फडकं होतं. उन्हावाऱ्याने ते मळून, फाटून चिंधी झालं होतं.

घरामागे कड्याला लागून, गुडघाभर उंच, करड्या रंगाचा एक लांबट ढीग होता. त्यावर शेण्यांचा चुरा आणि कोंबडीच्या पायांचे ठसे होते. एबोचं मन खट्टू झालं. मापुलेंगने मात्र दांड्याने वरची खपली फोडली आणि आतून, कापसाहून पांढरा, चकाकता बर्फ निघाला. तिने तो पत्र्याच्या मोठ्या मगात भरला आणि अराबाबाईंच्या हातात दिला.

अराबाबाईंनी मगातला बर्फ तळहातावर घेतला. पाणी बोटांतून गळत होतं. मग त्यांनी एफुआला जवळ बोलावलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, ह्यात मासळी किती दिवस ताजी राहील! फुकट पडतो हा वरून? आणि ह्यांच्याकडे समुद्रच नाही." त्या हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना एबोने वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

फोटो काढायच्या आधी अराबाबाईंनी ड्रायव्हरच्या हातून वासा घेतला, फडक्याची गाठ सोडली आणि फडकं डोक्याला बांधायला उचललं. मग त्यांचं लक्ष मापुलेंगच्या चिंधीकडे गेलं.

"हे घे," त्या मापुलेंगला म्हणाल्या. "तुझं पार फाटलंय."

"आई!" एबो म्हणाला. "अगं, संघाचं नाव आहे त्याच्यावर."

"तू बोलू नको. प्रार्थनाघर म्हणे!" मग त्यांनी नाण्यांची ताटलीही मापुलेंगच्या हातात दिली. "आणि हेही तुझंच. गिऱ्हाइकं तुझी होती."

नवं फडकं काठीवर चढलं. फोटो निघाला: मधे घोंगड्यातल्या अराबाबाई, एका हातात बर्फ, दुसऱ्या हातात मापुलेंगचा हात, मागे टोप्या काढलेले, हातातले मग उंचावलेले पुरुष, आणि सगळ्यांच्या वर निळ्या अक्षरांचं पांढरं फडकं. पाणी घातल्यावर आणि पातेलं, पिंप रिकामी झाल्यावर गाडी निमूटपणे सुरू झाली आणि उताराने त्यांना घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी अराबाबाई विमानात बसल्या.

पुढची हकीकत एबोला फोनवर कळली. पुढच्या रविवारी चर्चनंतर फोटो संघात फिरला. बायडूबाईंनी तो चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. बर्फात काही खोट सापडेना. मग त्यांची नजर वर गेली.

"हे आपल्या संघाचं नाव तिथं कसं?"

"मग तू काय सांगितलंस?" एबोने धास्तावून विचारलं.

"मी काहीच नाही सांगितलं रे. मी पाणी पीत होते. बायडूच म्हणाली, बाई गं, अराबानं डोंगरात शाखा काढली! एवढ्या पुरुषांना एका दिवसात वळणावर आणलं! मग सगळ्या टाळ्याच वाजवायला लागल्या. आता एवढ्या टाळ्यांत मी कुठं मधे बोलू?"

काही आठवड्यांनी एबोच्या दुकानाच्या पत्त्यावर एक गठ्ठा आला. शाखेसाठी संघातल्या बायकांनी हातांनी शिवलेली पांढरी फडकी, प्रत्येकावर निळ्या दोऱ्यात संघाचं नाव. सगळ्यात मोठ्याला कडेने लेस होती. ते बायडूबाईंचं. एबो तो गठ्ठा घेऊन मापुलेंगकडे गेला. जाताना त्याने सामान काही घेतलं नव्हतं, गाडी चढ हसत चढली. मापुलेंगने फडकी बघितली, कापड बोटांत चोळलं, "बायका गुणी आहेत तुमच्याकडच्या" असं म्हणाली आणि दरीतल्या दारू करणाऱ्या सगळ्या घरांत एकेक वाटून टाकलं. लेसवालं तिने खालच्या गावातल्या सगळ्यात चालत्या गुत्त्याला दिलं. परतताना एबोला खिंडीपासून खालच्या पुलापर्यंत दारूबंदी संघ फडकताना दिसला.

त्या रात्री त्याने आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला.

"लेसवालं कुठं लागलंय म्हणालास?"

"खालच्या गावात. तिथं सगळ्यात जास्त गर्दी असते. आई, हे थांबवायला हवं."

"आता कसं थांबवणार? बायडू येत्या थंडीत शाखा बघायला येणारे. लेकीनं तिकीट काढून दिलंय तिला."

"येणारे? मग मी करू काय?"

"काय करायचंय? पातेलंभर भात कर, तिला गाडीत बसव आणि मापुलेंगकडे घेऊन जा," अराबाबाई म्हणाल्या. "आणि असाना लावून ठेव. घाई करू नको हं बाळा. हीटरशेजारी ठेव आणि चांगली पिकू दे."